घोड्याचा घोळणा, आणि दोन्ही टोकांनी बंद करावी लागणारी धमनी

तबेल्यात नुसत्या उभ्या असलेल्या, दोन दिवस फिरवलाही नसलेल्या घोड्याच्या एका नाकपुडीतून रक्त येतं. कधी ओंजळभर, कधी बादलीचा तळ झाकेल इतकं. वीस-पंचवीस मिनिटांत ते आपोआप थांबतं. मोतद्दार नाक पुसतो, गवाणीवरचे थेंब धुऊन टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी घोडा नेहमीसारखा चारा खातो. या दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं तर हातात वेळ असतो. तिसऱ्या किंवा चौथ्या घोळण्यानंतर बोलावलं, तर बहुतेकदा जमिनीवर साचलेलं रक्त मोजण्यापलीकडे काही उरत नाही. पहिल्या थेंबापासून जीवघेण्या रक्तस्रावापर्यंत काही दिवस ते काही आठवडे जातात. रक्तस्राव सुरू झालेल्या आणि शस्त्रक्रिया न केलेल्या घोड्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावतात. म्हणून विश्रांतीच्या वेळी फुटलेला घोळणा आम्ही कधीच ‘उष्णतेचा’ मानत नाही.

शर्यतीनंतर किंवा जोरदार कसरतीनंतर दोन्ही नाकपुड्यांतून येणारं रक्त सहसा फुप्फुसांतलं असतं. नाकाच्या मागच्या भागातल्या रक्तगाठीतून बारीक बारीक, वारंवार, पाण्यासारखं पातळ रक्त येतं. घोडा मागच्या मागे उलटून पडला असेल तर डोक्याच्या तळाचे स्नायू फाटून रक्त येऊ शकतं. हे सगळं बाजूला ठेवलं की उरतो तो गटरल पाऊच. घोड्याला घशाच्या मागे, कानाच्या खाली, दोन्ही बाजूंना हवेची एकेक पिशवी असते. कानातून घशात उतरणाऱ्या नळीचाच हा फुगवटा. प्रत्येक पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर हवा मावते. या पिशवीच्या पातळ अस्तराखालून घोड्याच्या डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या आणि मेंदूतून निघालेल्या अर्धा डझन नसा जातात. अस्तर इतकं पातळ असतं, की दुर्बिणीतून पाहताना धमनीचा ठोका थेट दिसतो.

या पिशवीच्या छतावर बुरशी धरली की रोग सुरू होतो. बुरशी बहुतेकदा अ‍ॅस्परजिलस जातीची असते. ती मुळात हवेत, गवतात, भुशात सगळीकडे आहे, मग एखाद्याच घोड्याला ती का धरते याचं पक्कं कारण सापडलेलं नाही. ती बसते मात्र धमनीवरच. बहुतेकदा आतल्या कप्प्याच्या छताशी, मेंदूकडे जाणाऱ्या इंटर्नल कॅरोटिड धमनीवर. कधी बाहेरच्या कप्प्यात, एक्सटर्नल कॅरोटिड किंवा तिच्या पुढच्या मॅक्सिलरी धमनीवर. बुरशी अस्तर खाते, मग धमनीची भिंत खाते. भिंत झिरपते, फुगते आणि एक दिवस फाटते.

दुर्बीण घालण्यापूर्वी आम्ही घोड्याकडे नीट बघून घेतो. त्याच बाजूच्या पापणीची कड ढळली आहे का, कानाच्या मुळाशी आणि मानेवर त्याच बाजूला घाम आहे का, पाणी पिताना ते नाकातून परत येतं का, चारा चावून झाला तरी गिळायला वेळ लागतो का. पापणी आणि घाम ही सिंपथेटिक नस दुखावल्याची खूण. नाकातून पाणी आणि चारा येणं ही घशाच्या नसा गेल्याची खूण, आणि ती सगळ्यात वाईट. रक्तस्राव शस्त्रक्रियेने थांबवता येतो. गिळण्याच्या नसा शस्त्रक्रियेने परत आणता येत नाहीत. मालकाला हे आधी, स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. नाहीतर धमनी उत्तम बंद झालेला घोडा न्यूमोनियाने जातो आणि दोष धमनी बंद करणाऱ्या कॉइलवर येतो.

दुर्बीण घालताना घाई करायची नाही. रक्त येत असलेल्या नाकपुडीतून घशापर्यंत गेलं, की पाऊचच्या तोंडाशी रक्ताची रेघ किंवा गुठळी दिसते. पाऊचचं तोंड म्हणजे उभी, कूर्चेच्या झडपेने झाकलेली फट. दुर्बिणीच्या आतल्या वाहिनीतून बायॉप्सीची तार आधी फटीत सरकवायची, मग दुर्बीण तिच्यावरून हलकेच फिरवत आत न्यायची. दोन्ही बाजू बघायच्याच. एका बाजूच्या पाऊचमधलं रक्त घशात सांडून दुसऱ्या बाजूच्या फटीशीही साचतं, आणि चुकीच्या बाजूवर शस्त्रक्रिया करण्याची चूक इथेच होते. आत गेल्यावर छताला चिकटलेला पापुद्रा दिसतो. पिवळा, पांढरा, काळपट, तपकिरी असे रंग त्यात एकत्र असतात, आणि कडेला लालसर रक्ताळ रिंगण असतं. त्यावर गुठळी बसलेली असेल तर तिला स्पर्श करायचा नाही. तिथे पाणी मारायचं नाही, चिमट्याने नमुना घ्यायचा नाही. त्या क्षणी घोड्याचा जीव त्या गुठळीवर टांगलेला असतो. पाऊच रक्ताने पूर्ण भरलेला असेल आणि काहीच दिसत नसेल, तर ते निदान पुरेसं मानून बाहेर यायचं.

आता शस्त्रक्रियेचा गाभा. धमनीतून रक्त येतंय, मग हृदयाकडच्या बाजूने तिला दोरा बांधला की झालं, असं वाटणं स्वाभाविक आहे. कितीतरी घोडे असा दोरा बांधूनही पुन्हा रक्त येऊन गेले आहेत. कारण इंटर्नल कॅरोटिड ही टोकाला संपणारी धमनी नाही. ती कवटीत शिरते, इंग्रजी एस अक्षरासारखं वळण घेते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्याला मिळते. या कड्याला ‘सर्कल ऑफ विलिस’ म्हणतात. डाव्या आणि उजव्या बाजूचं रक्त तिथे एकत्र येतं. डावी इंटर्नल कॅरोटिड मुळाशी बांधली, की उजव्या बाजूचं रक्त त्या कड्यातून उलटं फिरून डावीतच खाली येतं आणि बुरशीने पाडलेल्या भोकातून बाहेर पडतं. मानेतली कॉमन कॅरोटिड बांधली तर आणखी पंचाईत. तिच्या पुढे इतक्या वाटा एकमेकींना जोडलेल्या असतात, की डोक्याकडचा प्रवाह फक्त दिशा बदलतो. कुठलीच सोय नसताना, समोर रक्त वाहत असताना कॉमन कॅरोटिड दाबणं किंवा बांधणं हा शेवटचा उपाय आहे. तो उपचार नव्हे. भोकाच्या दोन्ही बाजूंनी, हृदयाकडून आणि मेंदूकडून, धमनी बंद व्हायला हवी. पुढची सगळी तंत्रं म्हणजे या एका गरजेला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत.

अडचण अशी की मेंदूकडचं टोक कवटीच्या आत आहे. तिथे सुरी पोचत नाही. म्हणून आतून पोचायचं. १९८० साली फ्रीमन आणि डोनॉविक यांनी फुग्याच्या कॅथेटरची, म्हणजे टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीची, पद्धत मांडली, आणि फ्लोरोस्कोपी (पडद्यावर चालू दिसणारं क्ष-किरण चित्र) नसलेल्या ठिकाणी आजही ती उपयोगी पडते. घोड्याला पूर्ण भूल देऊन आजारी बाजू वर ठेवून आडवं करतात. अॅटलासच्या, म्हणजे मानेच्या पहिल्या मणक्याच्या, पंखाच्या पुढून छेद घेऊन कॉमन कॅरोटिडचं टोक शोधतात. तिथून इंटर्नल कॅरोटिड, ऑक्सिपिटल आणि एक्सटर्नल कॅरोटिड अशा तीन धमन्या फुटतात. इंटर्नल कॅरोटिडला मुळाशी दोरा बांधायचा, दोऱ्याच्या पुढे धमनीला बारीक चीर द्यायची आणि ६ फ्रेंचचं, म्हणजे साधारण २ मिलिमीटर जाडीचं, फुग्याचं कॅथेटर डोक्याच्या दिशेने सरकवायचं. साधारण १३ सेंटिमीटरवर एस वळणाशी ते अडतं. तिथे फुगा सलाईनने फुगवायचा. हवेने फुगवायचा नाही. हवा झिरपून जाते, आणि फुगा फुटलाच तर ती मेंदूकडे जाते. सलाईन किती घालायचं याची मर्यादा कॅथेटरवर छापलेली असते, ती ओलांडायची नाही. आत घालण्यापूर्वी फुगा एकदा वाटीतल्या पाण्यात फुगवून बघायचा. कॅथेटरच्या शेपटीला गाठ मारून ती त्वचेखाली पुरायची आणि सात ते दहा दिवसांनी, धमनीत गुठळी पक्की झाल्यावर, फुग्यातलं पाणी काढून कॅथेटर ओढून घ्यायचं.

या पद्धतीत दोन गोष्टी फसतात. पहिली म्हणजे इंटर्नल कॅरोटिड समजून ऑक्सिपिटल बांधली जाते. दोन्ही शेजारी शेजारी निघतात, दोन्ही सारख्याच जाडीच्या दिसतात. इंटर्नल कॅरोटिड आत, खोल जाते. ऑक्सिपिटल वर, मानेच्या स्नायूंकडे वळते. इंटर्नलच्या मुळाशी हलका फुगवटा असतो. पण रक्ताने भिजलेल्या, नसांनी वेढलेल्या खोल जागेत या खुणा पुस्तकात दिसतात तितक्या ठळक नसतात. दुसरी गोष्ट जास्त घातक. काही घोड्यांमध्ये इंटर्नल कॅरोटिडला वाटेत एखादी जास्तीची फांदी असते, काहींमध्ये ती आणि ऑक्सिपिटल एकाच बुंध्यातून निघतात. कॅथेटर त्या फांदीत शिरलं, की फुगा भलत्याच जागी फुगतो आणि खरी वाट उघडीच राहते. चित्र डोळ्यांसमोर नसल्यामुळे हे कळत नाही. कॅथेटर १३ सेंटिमीटरच्या खूप आधी अडलं, किंवा खूप पुढे जात राहिलं, तर थांबून विचार करायचा. जोर लावायचा नाही.

म्हणून ज्यांच्याकडे फ्लोरोस्कोपी आहे त्यांनी कॉइलची वाट धरावी, असं आमचं मत आहे. त्यात धमनीचा नकाशा डोळ्यांनी दिसतो.

तयारी आदल्या रात्रीपासूनच करायची असते, पण रक्त वाहत असेल तर रात्र मिळत नाही. ५०० किलोच्या घोड्याच्या अंगात साधारण ४० लिटर रक्त असतं, वजनाच्या आठ टक्के. त्यातलं १२ लिटरच्या आसपास गेलं की घोडा शॉकमध्ये जातो. नाडी ६० च्या वर चढते, हिरड्या फिक्या पडतात, कान आणि पाय गार होतात. अशा वेळी रक्ताच्या तपासणीतल्या पेशींच्या टक्केवारीवर विसंबू नये. घोड्याची प्लीहा साठवलेल्या लाल पेशी रक्तात ओतते, त्यामुळे पहिले १२ ते २४ तास आकडा चांगलाच दिसतो आणि माणूस फसतो. नाडी, हिरड्या आणि लॅक्टेट यांवरून ठरवायचं. ७.२ टक्के सलाईन किलोमागे ४ मिलिलिटर, म्हणजे या घोड्याला २ लिटर, आणि त्यामागून साधा क्षारद्रव. मात्र धमनी उघडी असताना दाब नेहमीच्या पातळीवर नेण्याची घाई नको, गुठळी उडून जाते. मेंदू आणि मूत्रपिंडं चालतील इतकाच दाब धरायचा. दुसऱ्या घोड्याचं रक्त द्यायचं असेल तर आधी दोघांचं रक्त जुळवून बघायचं. ५०० किलोचा निरोगी घोडा ७ ते ८ लिटर देऊ शकतो. पहिली पंधरा मिनिटं थेंबथेंब द्यायचं, नाडी, श्वास आणि अंगावरच्या गांध्या बघायच्या, मग वेग वाढवायचा.

शामक औषधाबद्दल एक सूचना. एसिप्रोमॅझिन देऊ नये. रक्त गेलेल्या घोड्यात ते दाब कोसळवतं आणि लवकर उतरत नाही. झायलाझिन थोड्या मात्रेत चालतं, पण त्याने घोडा डोकं खाली टाकतो आणि सुरुवातीला दाब चढतो, म्हणून डोक्याला आधार देऊन ते वर धरायला एक माणूस लागतो. प्रवासात डोकं बांधून ठेवायचं नाही. बांधलेला घोडा रक्त गिळत गुदमरतो.

टेबलावर घोडा आडवा, आजारी बाजू वर, मान सरळ ताणलेली. भुलीत सरासरी धमनी दाब ७० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. त्याखाली गेला की खालच्या बाजूचे स्नायू रक्ताविना सुजतात आणि घोडा उठू शकत नाही. छेद मानेच्या वरच्या भागात, जुगुलर शिरेच्या खोबणीच्या किंचित वर, पाच-सहा सेंटिमीटरचा. स्नायू बोटांनी बाजूला सारून बोटाएवढी जाड, ठोके देणारी कॉमन कॅरोटिड वर आणायची. तिच्या पाठीला वेगस आणि सिंपथेटिक या नसांची जुळी दोरी चिकटलेली असते, खालच्या बाजूला स्वरयंत्राकडे जाणारी नस असते. धमनी उचलताना या दोन्ही सोडवून जागेवर ठेवायच्या. वेगस ताणली गेली तर पडद्यावर नाडी एकदम मंदावते. तेव्हा हात थांबवायचे, दोरी सैल सोडायची, नाडी परत आली की पुढे जायचं. स्वरयंत्राची नस चिमट्यात सापडली तर घोडा बरा होतो, पण घरघरायला लागतो, आणि शर्यतीच्या घोड्यासाठी ते मोठंच नुकसान आहे.

धमनीभोवती दोन रबरी फीत-फासे, वर एक आणि खाली एक. त्यांच्यामध्ये १८ गेजची सुई, सुईतून तार, तारेवरून ६ फ्रेंचचा शीथ, म्हणजे कॅथेटर आत नेण्याची बाहेरची नळी. शीथमधून टोकाला किंचित वाकवलेलं, एकच भोक असलेलं १०० सेंटिमीटरचं कॅथेटर. सगळं काही हेपरिनच्या सलाईनने भरलेलं असावं. हे हेपरिन फक्त नळ्या धुण्यापुरतं, घोड्याला द्यायचं नाही. सिरिंज जोडताना दोन्हीकडे थेंब लोंबकळत असले पाहिजेत, म्हणजे मध्ये हवेचा बुडबुडा अडकत नाही. हा नियम कंटाळवाणा आहे, पण इथून निघालेला बुडबुडा थेट मेंदूत जातो.

आता आयोडीनचं रंगद्रव्य, ५ ते १० मिलिलिटर, हाताने झटक्यात. पडद्यावर एका ठोक्यात झाड उमलतं. जाड, पुढे खाली वळणारा बुंधा एक्सटर्नल कॅरोटिडचा. मागे मणक्याकडे जाऊन लगेच फांद्या फुटणारी ऑक्सिपिटल. आणि या दोघींच्या मधून, एकही फांदी न देता वर चढत जाणारी, कवटीच्या तळाशी एस घालून नाहीशी होणारी बारीक रेघ म्हणजे इंटर्नल कॅरोटिड. फांद्या नसणं हीच तिची ओळख. तिला फांदी दिसली, तर तो वेगळ्या बांधणीचा घोडा आहे आणि ती फांदीही बंद करावी लागणार. बुरशीच्या जागी कधी रेघ खडबडीत दिसते, कधी मोत्याएवढा फुगा दिसतो. रंग भिंतीबाहेर धुरासारखा पसरताना दिसला तर भोक या क्षणी उघडं आहे. हे चित्र साठवून ठेवायचं; पुढचं प्रत्येक पाऊल त्याच्याशी ताडून टाकायचं असतं.

कॅथेटरचं वाकडं टोक फिरवत इंटर्नल कॅरोटिडच्या तोंडात शिरवायचं आणि तार पुढे ठेवून हळूहळू वर न्यायचं. बुरशीच्या जागेवरून जाताना तारेचं मऊ टोकच पुढे हवं, कडक टोक कुजलेल्या भिंतीतून आरपार जाईल. एस वळणाशी पोचल्यावर तार काढून पुन्हा थोडा रंग सोडून जागा पक्की करायची. पहिली कॉइल इथे, मेंदूकडच्या टोकाला. क्रम उलटा केला, आधी मुळाशी कॉइल सोडली, तर वरचं टोक गाठायची वाट आपणच बंद करून बसतो.

कॉइल म्हणजे धातूची बारीक तार, तिच्यावर कृत्रिम धाग्यांचे केस. सरळ करून छोट्या नळीत भरलेली येते. कॅथेटरमधून बाहेर पडली की आपलं मूळचं वेटोळं धरते, आणि धाग्यांवर गुठळी जमते. माप निवडणं हीच खरी कला. चित्रावरून धमनीचा व्यास मोजायचा आणि कॉइलचं वेटोळं त्याहून १० ते २० टक्के मोठं घ्यायचं. ६ मिलिमीटरच्या धमनीला ५ ची कॉइल सोडली तर रक्ताच्या प्रवाहाबरोबर ती मेंदूच्या कड्याकडे निघून जाते आणि परत आणता येत नाही. १० ची सोडली तर वेटोळं होतच नाही, ती धमनीत लांब काडीसारखी पडून राहते, मधून रक्त वाहत राहतं आणि तिचं शेपूट खाली भलत्या जागी लोंबतं. आणखी एक बारीक गोष्ट, जी पहिल्या काही शस्त्रक्रियांत हमखास चुकते. कॉइलच्या तारेची जाडी आणि कॅथेटरची आतली पोकळी जुळली पाहिजे. पोकळी जास्त रुंद असेल तर कॉइल आतच वळायला लागते आणि मध्येच अडकून बसते. मग कॅथेटरसकट सगळं बाहेर काढून पहिल्यापासून सुरुवात, आणि भुलीचा घोडा आणखी अर्धा तास टेबलावर.

कॉइल ढकलताना एकाने कॅथेटर शीथशी घट्ट धरून ठेवायचं. कॉइल बाहेर पडताना कॅथेटरला मागे रेटते, आणि धरलेलं नसेल तर शेवटचे दोन वेढे ठरलेल्या जागेच्या खाली पडतात. पडद्यावर आधी एक बारीक आकडा दिसतो, मग अर्धं वर्तुळ, मग वेढ्यावर वेढा बसत लोकरीच्या गुंड्यासारखा गोळा. एका कॉइलने क्वचितच भागतं. पहिलीच्या पोटात दुसरी, लहान मापाची, गच्च बसवायची. मग पाच मिनिटं थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं आहे. गुठळी व्हायला वेळ लागतो, आणि लगेच रंग मारून ‘अजून वाहतंय’ म्हणत कॉइलवर कॉइल ओतण्यात अर्थ नाही. पाच ते दहा मिनिटांनी रंग कॉइलपाशी अडून मागे फिरला की वरचं टोक बंद झालं. मग कॅथेटर बुरशीच्या खाली, मुळाशी आणून तिथेही तसंच. शेवटचा रंग कॉमन कॅरोटिडमधून सोडायचा. झाड पुन्हा उमलतं, पण मधली रेघ मुळाशीच खुंटलेली असते. एक्सटर्नल आणि ऑक्सिपिटल मात्र पूर्वीसारख्या भरल्या पाहिजेत.

कॉइलऐवजी नायटिनॉलच्या जाळीचा प्लगही मिळतो. त्याचं माप धमनीपेक्षा ३० ते ५० टक्के मोठं घेतात. तो तारेला स्क्रूने जोडलेला असतो, म्हणून जागा पटली नाही तर परत आत ओढून नव्याने सोडता येतो, आणि पटली की तार उलटी फिरवून सुटा करायचा. कॉइलला ही सवलत नाही. प्लगला थोडं जाड कॅथेटर लागतं आणि एस वळणाच्या पुढे नेणं अवघड जातं. पण मुळाकडच्या टोकाला तो फार छान बसतो.

बुरशी बाहेरच्या कप्प्यात असेल तर काम वाढतं. मॅक्सिलरी धमनीला टाळूतून उलटं रक्त येतं, कारण दोन्ही बाजूंच्या टाळूच्या धमन्या पुढच्या दातांमागे एकमेकींना मिळतात. तिथेही बुरशीच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे बंद करायचं. फुग्याने करायचं तर कडेच्या कृंतक दाताच्या मागे टाळूच्या धमनीतून ६ फ्रेंचचं कॅथेटर उलटं सुमारे ४० सेंटिमीटर मागे नेतात. कॉइल असेल तर पुढची कॉइल कवटीतल्या अ‍ॅलर छिद्राच्या अलीकडेच थांबवायची. डोळ्याची धमनी त्याच्या पुढून फुटते. तिथलं रक्त दुसरीकडे ओढलं गेलं, किंवा गुठळी तिथे पोचली, तर त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते. मालकाची संमती घेताना हा धोका नाव घेऊन सांगायचा.

शीथ काढल्यावर कॉमन कॅरोटिडवरचं छिद्र ५-० च्या पॉलिप्रॉपिलिनच्या एका टाक्याने बंद करायचं, फासे एकेक करून सोडायचे, दोन मिनिटं नुसतं बघत राहायचं. मग थर शिवायचे.

भुलीतून उठणं हा घोड्याच्या शस्त्रक्रियेतला नेहमीचाच धोकादायक क्षण, आणि रक्त गेलेल्या घोड्यात तो जास्तच. अशक्त घोडा धडपडतो, पडतो, पाय मोडून घेतो. या कारणाने गेल्या काही वर्षांत हीच कॉइल उभ्या घोड्यात, शामक औषध आणि मानेत बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन करण्याची पद्धत रूढ होत आहे. घोडा शांत असेल आणि टीमचा हात बसलेला असेल तर आम्हाला ती जास्त पटते. डोकं जरा हललं की पडद्यावरचा नकाशा सरकतो, म्हणून डोकं आधारावर टेकवून ठेवायला एक सराईत मोतद्दार लागतोच. कॉइल सोडण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात त्याचं काम सर्जनइतकंच मोलाचं असतं.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन दिवस नाकातून काळपट, जुनं रक्त थोडं थोडं येतं. पाऊचमध्ये साचलेलं ते बाहेर पडत असतं. लाल, ताजं, धारेने आलं तर एखादी वाट उघडी राहिली आहे. लगेच पुन्हा चित्र काढायचं, वाट बघायची नाही. दुखण्या-सुजेसाठी फ्लुनिक्सिन किलोमागे १.१ मिलिग्रॅम, पेनिसिलिन, धनुर्वाताची लस बघून घेणं. जेंटामायसिन हे प्रतिजैविक रक्त आणि पाणी भरून निघाल्याशिवाय देऊ नये, मूत्रपिंडं आधीच ताणलेली असतात. चारा जमिनीवर ठेवायचा, म्हणजे डोकं खाली राहून पाऊच निचरतो. टाके १२ ते १४ दिवसांनी.

बुरशीचं काय, असं सगळेच विचारतात. आमचा अनुभव आणि इतरांनी नोंदवलेलं सारखंच आहे. धमनी नीट बंद झाली की बहुतेक घोड्यांत पापुद्रा औषधाविनाच वाळतो आणि गळून पडतो. छताला औषध फवारलं तरी ते क्षणात खाली ओघळतं, आणि पोटातून द्यायचं बुरशीचं औषध महिनोन्महिने द्यावं लागतं. नसा दुखावलेल्या घोड्यात मात्र आम्ही औषध जोडतो, कारण तिथे बुरशीचा प्रत्येक जास्तीचा दिवस नसेवर जातो. गिळता न येणाऱ्या घोड्याला ओला, मऊ आंबोण, गरज पडली तर नळीने. नस परत यायला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त, आणि काही कधीच येत नाहीत.

दुर्बीण पुन्हा एक महिन्याने, मग दोन आणि तीन महिन्यांनी. पहिल्या वेळी पापुद्रा सुकलेला, कडा सुटलेल्या दिसतात. तिसऱ्या वेळी त्या जागी पांढुरका, सुरकुतलेला व्रण असतो आणि धमनीचा जिथे ठोका दिसायचा तिथे काहीच हलत नाही. त्यानंतर घोडा हळूहळू कामाला लावायला हरकत नाही. कागदावर कॉइल किती, कुठल्या मापाच्या, कुठल्या धातूच्या आणि कुठे बसवल्या हे लिहून मालकाला प्रत द्यायची. पुढे कधी त्या घोड्याच्या डोक्याचा एमआरआय करायचा झाला तर पोलादी कॉइल चित्र बिघडवते, प्लॅटिनमची फारसं नाही, आणि तेव्हा त्या कागदाशिवाय कुणालाच ते सांगता येणार नाही.